पाणी स्वच्छ आहे. पण रिकामे आहे का?

आरंभी आमच्या एका फसलेल्या प्रयोगाची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातील चार-पाच विद्यार्थ्यांनी मातीविना टोमॅटो वाढवायचे ठरवले. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात वीस-वीस लिटरची दोन टबे मांडली. रोपे एकाच वाफ्यातली, पोषक क्षारांची पूड एकाच पिशवीतली, ऊन सारखे. फरक एवढाच होता, की पहिल्या टबात बोअरचे पाणी होते आणि दुसऱ्यात पागोळीखाली ठेवलेल्या पिंपातले पावसाचे पाणी. तेही मुद्दाम केलेले नव्हते. पहिले टब भरल्यावर बोअरचा पंप बंद पडला, म्हणून पिंपातले पाणी घेतले, इतकेच.

पंधरा दिवसांत बोअरच्या टबातील रोपांची शेंड्याकडची पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. दुसऱ्या टबातील रोपे मात्र तरारलेली! मुलांनी पोषक पूड विकणाऱ्याला दोष दिला. मी म्हटले, "अन्न कमी पडत असेल, आणखी थोडी पूड घाला." पूड घातली आणि रोपे अधिकच मलूल झाली. सामू, म्हणजे पीएच, मोजला तर तो ७.५ भरला. थोडे आम्ल घालून संध्याकाळी तो ६ वर आणला. सकाळी पाहतो तो पुन्हा ७.४! "सर, मीटर बिघडला आहे," मुले म्हणाली.

मीटर चांगला होता. चुकलो होतो आम्ही. बोअरचे पाणी काचेसारखे नितळ होते, पिण्यालाही उत्तम होते. म्हणून ते 'नुसते पाणी' आहे असे आम्ही गृहीत धरले होते. मातीविना शेतीत हे गृहीतच घातक ठरते. येथे पाण्याला 'तू स्वच्छ आहेस का?' असे विचारून भागत नाही. 'तुझ्यात आधीच काय काय विरघळले आहे?' असे विचारावे लागते.

पुदिन्याचा जुना प्रयोग

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. लंडनच्या जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवली. एकात पावसाचे पाणी, दुसऱ्यात टेम्स नदीचे, तिसऱ्यात हाइड पार्कमधील नळाचे आणि आणखी एकात त्याच नळाच्या पाण्यात कालवलेली बागेतली माती. पावसाच्या पाण्यातील रोपे जेमतेम वाढली. माती कालवलेल्या पाण्यातील रोपे सर्वांत जोमाने वाढली. वनस्पतीचे शरीर नुसत्या पाण्याचे बनत नाही, पाण्यात विरघळलेले काहीतरी तिला लागते, असे वुडवर्ड यांनी त्यावरून ताडले.

ते 'काहीतरी' म्हणजे नेमके कोणते क्षार, हे १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनी या पद्धतीने मोठाली पिके घेतली आणि १९३७ मध्ये तिचे 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. आपल्या देशात १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये या पद्धतीचे प्रयोग सुरू केले.

आता गंमत पाहा. वुडवर्ड यांच्या प्रयोगात पावसाचे पाणी कुचकामी ठरले, कारण त्यात अन्न नव्हते. आपण तर सर्व अन्न स्वतः मोजून घालतो. म्हणून आपल्याला ते 'रिकामे' पाणीच सर्वांत सोयीचे! कोऱ्या पाटीवर हवे ते लिहिता येते. लिहिलेल्या पाटीवर लिहायचे, तर आधी काय लिहिले आहे ते वाचावे लागते.

पाण्याची पाटी वाचू या

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना दिला की एक अहवाल मिळतो. पहिल्यांदा पाहिला की नुसती आकड्यांची जंत्री वाटते. समजा, एका विहिरीच्या पाण्याचा अहवाल असा आहे (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर): कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३०, सोडियम ४६, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट २४. सामू ७.८ आणि विद्युत्‌वाहकता ०.७५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

पाण्यातील क्षारांचे आयन झालेले असतात, म्हणजे धन किंवा ऋण विद्युत्‌भार असलेले कण. पाणी एकंदरीने उदासीन असते. आपण विहिरीत हात घातला तर काही झटका बसत नाही! म्हणून सर्व धनभारांची बेरीज सर्व ऋणभारांच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. ती ताडून पाहू. प्रत्येक आयनाच्या मिलिग्रॅमला त्याच्या तुल्यभाराने भागले, की भाराचे माप मिळते. याला मिलिइक्विव्हॅलंट म्हणतात. आपण सोयीसाठी 'भार-एकक' म्हणू.

धनभार: कॅल्शियम ६० ÷ २० = ३; मॅग्नेशियम ३० ÷ १२ = २.५; सोडियम ४६ ÷ २३ = २. बेरीज ७.५.

ऋणभार: बायकार्बोनेट ३०५ ÷ ६१ = ५; क्लोराइड ७१ ÷ ३५.५ = २; सल्फेट २४ ÷ ४८ = ०.५. बेरीज ७.५.

दोन्ही बाजू जुळल्या. शिवाय या बेरजेला १० ने भागले की विद्युत्‌वाहकता साधारणपणे मिळते. येथे ती ०.७५ आहेच. तेव्हा अहवाल विश्वासार्ह दिसतो. दोन बाजूंत मोठी तफावत आढळली, तर काहीतरी मोजायचे राहिले किंवा चुकले असे समजावे. कोणाही विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन ही परीक्षा करता येईल.

मात्र एक सावधगिरी बाळगा. नुसत्या विद्युत्‌वाहकतेवर भिस्त ठेवू नका. हा मीटर गर्दीतली डोकी मोजतो, माणसे ओळखत नाही. पालेभाज्यांच्या पोषक द्रावणाची वाहकता साधारणपणे १.२ ते १.८ ठेवतात. समजा, तुम्ही वरील विहिरीच्या पाण्यात पूड घालून ती १.५ केलीत. तुम्हाला वाटेल, जेवण पुरेसे झाले. प्रत्यक्षात त्यातले निम्मे आयन विहिरीचेच आहेत! आणखी पूड घालावी, तर द्रावण खारट होते आणि मुळांना पाणी ओढणे जड जाते. वाहकता १ ने वाढली, की परासरणामुळे मुळांना सुमारे साडेतीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब सोसून पाणी ओढावे लागते. आमची रोपे पूड वाढवल्यावर का मलूल झाली, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

सामू परत का चढतो?

आता मुख्य गुन्हेगाराकडे वळू. तो सामू नव्हे. तो आहे बायकार्बोनेट.

तापमान आणि उष्णता यांतला फरक तुम्ही शिकला आहात. पेलाभर आणि घागरभर पाण्याचे तापमान सारखेच ८० अंश असू शकेल. पण ते निववायला बर्फ किती लागेल? घागरीला पेल्याच्या कितीतरी पट. सामू हा तापमानासारखा आहे आणि बायकार्बोनेटचा साठा उष्णतेसारखा. दोन पाण्यांचा सामू ७.८ च असेल, तरी एकाला ६ वर आणायला आम्लाचे चार थेंब पुरतील आणि दुसऱ्याला चमचाभरही पुरणार नाही.

हा साठा येतो कोठून? पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. मुळांच्या श्वसनामुळे हा वायू तेथे भरपूर असतो. असे पाणी आपल्याकडच्या काळ्या कातळातून, म्हणजे बेसाल्टमधून, झिरपताना त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवते आणि आम्लाचे बायकार्बोनेट बनते. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन असते, डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, ते यामुळेच.

अशा पाण्यात आम्ल घातले, की आम्लातील हायड्रोजन आयन बायकार्बोनेटशी संयोग पावतो व पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हा वायू काही काळ पाण्यातच विरघळलेला राहतो, म्हणून सामू उतरलेला दिसतो. रात्रभरात, झाकण उघड्या सोड्याच्या बाटलीप्रमाणे, वायू निघून जातो आणि उरलेले बायकार्बोनेट सामूला पुन्हा वर ढकलते. त्यातच रोपांनी प्यायलेल्या पाण्याच्या जागी आपण रोज नवे बोअरचे पाणी, म्हणजे नवे बायकार्बोनेट, ओतत असतो. मीटर बिघडला नव्हता, तो हे सारे इमानाने सांगत होता.

पण सामू चढल्याने रोपांचे काय बिघडते? सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक. ५.८ चा ७.८ झाला, तर हायड्रोजन आयन शंभरपट कमी झाले. अशा द्रावणात लोहाचा साका होऊन ते तळाशी बसते. ताटात वाढलेले जेवण जणू हातातून निसटते! लोह मिळाले नाही की हरितद्रव्य बनत नाही. वनस्पतीला जुन्या पानातील लोह काढून नव्या पानाला देता येत नाही, म्हणून पिवळेपणा प्रथम शेंड्याला दिसतो. नायट्रोजन कमी पडला तर याच्या उलट होते. वनस्पती तो जुन्या पानातून काढून घेते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. पिवळेपणा कोठून सुरू झाला हे पाहिले, की निम्मे निदान झाले. बहुतेक पिकांसाठी द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ ठेवतात तो याच कारणाने.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

बायकार्बोनेट मोजायला महागडे यंत्र लागत नाही. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील ब्युरेट पुरेल. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

शंकुपात्रात बरोबर १०० मिलिलिटर पाणी घ्या. मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाका, पाणी पिवळे दिसेल. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल भरून थेंबथेंब सोडत पात्र हलवत राहा. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबा. जितके मिलिलिटर आम्ल लागले, तितकी भार-एकके बायकार्बोनेट दर लिटरला आहे. ५ मिलिलिटर लागले तर ५ एकके. हिशेब इतका सोपा व्हावा म्हणूनच १०० मिलिलिटर व ०.१ नॉर्मल हे आकडे निवडले आहेत. का, ते तुम्हीच पडताळून पाहा.

आमच्या बोअरच्या पाण्याला जवळजवळ पाच मिलिलिटर आम्ल लागले. पिंपातल्या पावसाच्या पाण्याचा रंग पहिल्या थेंब-दोन थेंबांतच पालटला. मीटरवर संशय घेणारी मुले गप्प झाली, आणि मीही!

पाणी सुधारावे कसे?

बायकार्बोनेट सुमारे १ एककावर आणावे. अगदी शून्य करू नये, कारण थोडा साठा असला तर सामू झोके खात नाही. त्यासाठी तीन उपाय आहेत.

पहिला, उकळणे. उकळताना बायकार्बोनेट फुटते व कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. पाणी तापवण्याच्या बंबात जमणारा पांढरा थर तोच. प्रयोगापुरते हे ठीक आहे, रोजच्या वापराला इंधन परवडणार नाही.

दुसरा, आम्ल. वरील पाण्यात ५ पैकी ४ एकके नाहीशी करायची आहेत. फॉस्फोरिक आम्ल वापरले तर सोबत वनस्पतीला हवे असलेले फॉस्फरसही मिळते. पण हिशेब करा. या सामूला फॉस्फोरिक आम्लाचा प्रत्येक रेणू एकच हायड्रोजन आयन देतो, तेव्हा ४ एककांसाठी दर लिटरला ४ × ३१ = १२४ मिलिग्रॅम फॉस्फरस पडेल. होगलंड यांच्या प्रसिद्ध पोषक द्रावणात तो आहे ३१ मिलिग्रॅम. म्हणजे चौपट! म्हणून मोठे शेतकरी काही भाग नायट्रिक आम्लाने भागवतात व तेवढा नायट्रेट क्षार कमी घालतात. नायट्रिक आम्ल हे मुलांच्या हाताळण्याचे काम नव्हे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वापरावे म्हटले, तर त्यांतील आम्ले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि चार दिवसांत सामू पुन्हा वर येतो.

तिसरा उपाय सर्वांत साधा: मिसळणे. एक भाग विहिरीचे पाणी आणि चार भाग पावसाचे पाणी घेतले, की ५ एककांचे १ एकक होते. आम्ल लागतच नाही. पावसाचे पाणी तेवढे नसेल तर एकास दोन भाग मिसळा. बायकार्बोनेट सुमारे १.६७ एकके राहील. उरलेले ०.६७ एकक फॉस्फोरिक आम्लाने घालवता येईल. १०० लिटरला ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल साधारण साडेचार मिलिलिटर पुरते. हातमोजे व चष्मा घालून, आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. मग पाणी रात्रभर उघडे, ढवळत ठेवून वायू जाऊ द्यावा, आणि नंतरच पोषक क्षार घालून सामू शेवटचा जुळवावा.

विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम मात्र वाया घालवू नका. ते अन्नच आहे. जेवढे पाण्यात आहे तेवढे पुडीतून वजा करावे. उलट, केवळ पावसाचे किंवा आर.ओ. यंत्राचे पाणी वापरले, तर हे दोन्ही पूर्णपणे आपल्यालाच घालावे लागतात.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवले की तो बहुतांशी उडून जातो.

टबातले लोणार

बायकार्बोनेटला आम्ल हा उतारा आहे. सोडियम व क्लोराइड यांना मात्र उतारा नाही. सोडियमचे नेहमीचे सर्व क्षार विरघळणारे. त्यांचा साकाही होत नाही आणि वायूही. बहुतेक पिके सोडियम फारसे घेतही नाहीत. मग ते जाते कोठे? कोठेच नाही!

वीस लिटरच्या टबात दर लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम आहे. रोपे आठवड्याला वीस लिटर पाणी पितात आणि आपण तेवढेच नवे ओततो. प्रत्येक वेळी आणखी ४६ ची भर पडते. पाच वेळा भर घातल्यावर दर लिटरला सहा पट, म्हणजे २७६ मिलिग्रॅम! बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर खारट का, याचे उत्तर यातच आहे. तेथे झरे आणि पाऊस यांचे पाणी येते, बाहेर मात्र ते मुख्यतः वाफ होऊनच जाते. क्षार मागे राहत राहत त्या पाण्याचा सामू १० च्या आसपास पोचला आहे. आपले टब हे एक लहानसे लोणारच असते.

म्हणून द्रावण ठराविक काळाने बदलावे, आणि जुने गटारात न टाकता अंगणातील झाडांना घालावे. मिसळलेल्या पाण्यात सोडियम मुळातच १५ मिलिग्रॅम राहिल्याने टब तिप्पट काळ टिकते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरींच्या पाण्यात सोडियम पुष्कळ असते. तेथे पावसाचे पाणी साठवणे हाच खरा मार्ग.

आणखी एक सापळा सांगतो. काही इमारतींत पाणी 'मृदू' करण्याचे यंत्र बसवलेले असते. साबणाला त्या पाण्याचा छान फेस येतो. पण ते यंत्र कॅल्शियम काढून घेऊन त्याच्या जागी सोडियम सोडते आणि बायकार्बोनेट तसेच ठेवते. म्हणजे अन्न गेले आणि उपद्रव वाढला! कपड्यांना चांगले पाणी रोपांना चांगले असेलच असे नाही.

शेवटी तुमच्यासाठी काम

दहा चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरी पत्र्यावरची धूळ धुऊन जायला सोडाव्यात, मग पिंप भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून फडक्याने घट्ट बांधावे. एवढ्यावर शाळेतली दोन टबे काही आठवडे चालतील.

दरम्यान एक करा. तुमच्या गावातील नळ, आड, बोअर आणि नदी यांचे पाणी बाटल्यांत आणा आणि ब्युरेटने बायकार्बोनेट मोजा. मे महिन्यात एकदा मोजा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजा. आकडे शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. मातीविना शेती करायची म्हणून कोणी पदरचे पैसे घालून टबे, नळ्या, पंप आणायला निघाला, तर त्याला आधी तो फळा दाखवा. पाच मिलिलिटर आम्लाने जे कळते, ते कळायला आम्हाला एक टब रोपे घालवावी लागली.